वऱ्हाडची रात्र आणि शेवटचीं छत्तीस चित्रें

वऱ्हाडचें नांव निघालें कीं परप्रांतीय मनुष्याच्या डोळ्यांपुढें प्रथम ऊन उभें राहतें. अकोल्याचा वैशाख, अमरावतीच्या रस्त्यांवरील दुपारची सामसूम, काळ्या जमिनीला पडलेल्या भेगा आणि फुटलेल्या कापसावरचा डोळे दिपविणारा पांढरा प्रकाश, एवढ्यांतच ह्या प्रांताचें वर्णन बहुधा आटोपतें. परंतु ज्यांनीं येथें चार उन्हाळे काढले आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, वऱ्हाड खरें जागें होतें तें दिवस मावळल्यावर. दिवसभर दारेंखिडक्या लावून बसलेलीं माणसें संध्याकाळीं ओट्यावर येतात, अंगणांत पाणी शिंपडलें जातें, खाटा बाहेर पडतात. चौकांतील रसवंत्या, भज्यांच्या गाड्या, देवळांचे सभामंडप ह्यांस रात्रीं जी कळा येते ती दिवसा शोधूनहि सांपडावयाची नाहीं. वऱ्हाडचें चित्र काढावयाचें तर तें रात्रीं काढावें, असें आमचें फार दिवसांचें मत आहे.

ह्या मताप्रमाणें वागण्याचा योग गेल्या वर्षीं आला. आमच्या एकत्र कुटुंबाच्या फ्रिजमध्यें, लोण्याच्या डब्यामागें, बरींच वर्षें एक लहानशी डबी राखून ठेविलेली होती. ‘हें औषध कोणाचें?’ असें घरांत आलेल्या प्रत्येक नव्या सुनेनें एकदां तरी विचारलेलें आहे. तें औषध नव्हतें. ती ‘एक्टाक्रोम ६४ टी’ नांवाची, छत्तीस चित्रांची रंगीत फिल्म होती. दिव्याच्या उजेडासाठीं मुद्दाम घडविलेली ही स्लाइडची फिल्म निघावयाची बंद होऊन आतां बारा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. वापरली तर संपणार आणि न वापरली तर डबींतच विटणार, अशा पेंचांत ती व आम्ही दोघेंहि होतों. अखेर घरांत ठरलें कीं, ज्या उजेडासाठीं ती केली तो उजेड आपल्या प्रांतांत कोठें कोठें उरला आहे हें शोधावें, आणि तेथेंच ती खर्चून टाकावी.

ह्या फिल्मचा विशेष काय, हें आधीं सांगितलें पाहिजे. साध्या फिल्मवर उलटें चित्र उमटतें आणि त्यावरून कागदावर सुलटी प्रत काढतात. प्रत काढणारा कारागीर त्या वेळीं रंग थोडा इकडेतिकडे सारून घेतो. स्लाइडचें तसें नाहीं. जी पट्टी कॅमेऱ्यांत गेली तीच धुऊन परत येते; तिचे तुकडे पुठ्ठ्याच्या चौकटींत बसवून दिव्यापुढें धरले कीं भिंतीवर चित्र उभें राहतें. मध्यें दुरुस्ती करणारा कोणी नाहीं. रात्रीं दिव्याचा जो रंग होता तो जसाच्या तसा त्या तुकड्यांत राहतो.

आपला डोळा मात्र असा काटेकोर नाहीं. तो मोठा समजूतदार आहे. दुपारच्या उन्हांत पांढरें दिसणारें धोतर समईच्या उजेडांतहि आपणांस पांढरेंच दिसतें. वस्तुतः समईचा उजेड पुष्कळ तांबूस असतो. पण तो तांबूसपणा मेंदु आपल्या हिशेबांतून वजा करून टाकतो. फिल्मला ही वजाबाकी येत नाहीं. प्रकाशाचा रंग शास्त्रज्ञ केल्विनच्या मापानें मोजतात. तेलाच्या वातीचा आंकडा सुमारें १,९००, घरांतील जुन्या विजेच्या गोळ्याचा सुमारें २,८००, छायाचित्रकाराच्या खास दिव्याचा ३,२००, आणि मध्यान्हींच्या उन्हाचा सुमारें ५,५०० येतो. आंकडा लहान तितका प्रकाश तांबडा, मोठा तितका निळसर. उन्हासाठीं केलेल्या फिल्मवर गोळ्याच्या उजेडांत चित्र काढलें तर तें हळदींत बुडवून काढल्यासारखें येतें. भिंगापुढें निळी कांच लावून हा दोष घालवितां येतो. पण ती कांच प्रकाशाचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग स्वतःच गिळून बसते, आणि रात्रीं मुळांत दुष्काळ असतो तो प्रकाशाचाच. ह्या अडचणीवर तोड म्हणून टंगस्टनची फिल्म निघाली. टंगस्टन धातूची तार तापून जो ३,२०० अंशांचा प्रकाश देते तोच तिला पांढरा दिसे.

रंगीत स्लाइडचा जन्महि मोठा मनोरंजक आहे. १९३५ सालीं अमेरिकेंतील कोडॅक कंपनीनें ‘कोडाक्रोम’ नांवाची फिल्म बाजारांत आणली. तिचे जनक लिओपोल्ड मॅनिस व लिओपोल्ड गोडॉव्स्की हे दोघेहि पेशानें संगीतज्ञ, एक पियानो वाजविणारा आणि दुसरा व्हायोलिन. अंधाऱ्या खोलींत घड्याळ दिसत नसल्यामुळें, फिल्म रसायनांत किती वेळ ठेवावयाची तें हे दोघे ब्राम्सच्या सिंफनीची शीळ घालून मोजीत, असें सांगतात. आपल्याकडे एखाद्या गवयानें तीनतालाच्या आवर्तनांवर दूध आटवावें, तसाच हा प्रकार! पुढें एक्टाक्रोम आली, इतर कंपन्यांच्या फिल्मा आल्या, आणि १९६० नंतर सुखवस्तु घरांत लग्नमुंजींच्या, काशीयात्रेच्या स्लाइडा भिंतीवर पाहण्याची चाल पडली.

उतरती कळा मात्र फार वेगानें आली. २००९ सालीं कोडाक्रोम बंद झाल्याची घोषणा झाली. ती धुणारी जगांतील शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांत पार्सन्स ह्या लहानशा गांवीं होती. तिनें ३० डिसेंबर २०१० नंतर एकहि फिल्म घेतली नाहीं. कारखान्यांतून निघालेली अखेरची कोडाक्रोम स्टीव्ह मॅकरी ह्या नामांकित छायाचित्रकारास देण्यांत आली होती, आणि तीवरील छत्तीस चित्रांपैकीं कित्येक त्यानें मुंबईत व राजस्थानांत येऊन काढलीं, ही गोष्ट आपल्या वाचकांस कौतुकाची वाटेल. मार्च १९१२ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, मार्च २०१२ मध्यें, कोडॅकनें उरलेल्या सर्व स्लाइड-फिल्मा बंद केल्या. टंगस्टनची तर त्यापूर्वींच गेली होती. २०१८ सालीं एक्टाक्रोम पुन्हां सुरू झाली खरी, पण ती उन्हाची. दिव्याची परत आली नाहीं.

आणि नवल असें कीं, फिल्म गेली तसे तिचे दिवेहि चालले. आमच्या लहानपणीं रस्त्यांवर पाऱ्याच्या वाफेचे हिरवट दिवे होते. मागून सोडियमचे नारिंगी आले. जानेवारी २०१५ मध्यें केंद्र सरकारनें घरोघर व रस्तोरस्तीं एल.ई.डी. दिवे लावण्याची योजना हातीं घेतली, आणि पांचसात वर्षांत शहरांच्या रात्रीचा रंगच पालटला. वीज वांचली, रस्ते उजळले, रात्रीं एकट्यादुकट्या बाईमाणसास निर्धास्त चालतां येऊं लागलें. ह्याबद्दल कोणींहि कुरकुर करूं नये. परंतु जो बदल इतका चांगला तो आपल्या डोळ्यांनीं मुळीं नोंदलाच नाहीं, ह्याचें आम्हांस आश्चर्य वाटतें. शहराचा रंग बदलला आणि कोणाच्या लक्षांत आलें नाहीं, कारण प्रत्येकाचा मेंदु मुकाट्यानें वजाबाकी करीत राहिला.

प्रवासाचे दोन टप्पे आम्ही आंखले. श्रावणांत अकोला, आश्विनांत अमरावती, आणि दोहोंच्या मध्यें मूर्तिजापूर. बरोबर जुना कॅमेरा, लोखंडी तिपाई, आणि पुण्यास शिकणारा आमचा पुतण्या. हिशेब पहिल्याच दिवशीं मांडला. स्लाइडला चूक खपत नाहीं. प्रकाश थोडा जास्त झाला कीं चित्र फिकें, थोडा कमी झाला कीं काळें. म्हणून एकाच दृश्याचीं तीन चित्रें घ्यावयाचीं: एक अंदाजाप्रमाणें, एक दुप्पट वेळ देऊन, एक निम्मा वेळ देऊन. म्हणजे छत्तीस चित्रांत बारा दृश्यें. दोन जिल्हे, एवढ्या रात्री, आणि दृश्यें फक्त बारा!

पहिलीं चार दृश्यें अकोल्याच्या वांट्यास आलीं. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारीं जुन्या अकोल्यांतील राजराजेश्वरास पूर्णेच्या पाण्याचा अभिषेक होतो. त्यासाठीं रविवारीं रात्रीं शेंकडों मंडळें कावडी घेऊन गांधीग्रामच्या पूर्णातीरावरून निघतात आणि सुमारें सतरा-अठरा किलोमीटर अनवाणी चालत पहाटेस शहरांत येतात. ही परंपरा १९४४ सालापासूनची, असें तेथील लोक सांगतात. लहान कावडींत दोन भरणीं असतात. मोठ्या कावडी खांद्यावर घ्यावयास अनेक माणसें लागतात.

राजेश्वराची दंतकथाहि रात्रीचीच आहे. अकोलसिंग राजाची राणी मध्यरात्रीं एकटीच उठून महादेवाच्या पूजेस जाई. राजास संशय आला; तो तलवार उपसून तिच्या मागोमाग अंधारांतून गेला. राणीनें देवाचा धांवा केला, पिंड दुभंगली, राणी तींत नाहींशी झाली आणि तिच्या लुगड्याचा पदर तेवढा बाहेर राहिला. अंधारांत डोळ्यांवर फार विसंबूं नये, असा बोध आम्हीं तरी ह्या कथेवरून घेतला.

गांधीग्रामच्या रस्त्यावर आम्ही एका चहाच्या टपरीशेजारीं तिपाई लावली. टपरीवर बांबूला टांगलेला शंभराचा जुना गोळा होता. आमच्या फिल्मला ओळखीचा असा तो त्या रात्रींचा पहिलाच दिवा. टपरीवाला बराच वेळ आमची खटपट पाहत होता. शेवटीं म्हणाला, “काहून जी, अंधाराचा फोटो काढून राह्यले का?”

“अंधाराचा नव्हे, भाऊ, तुमच्या दिव्याचा.”

“मंग लवकर काढा. जनरेटरातलं डिझेल सरत आलं.”

त्यानें नवा दिवा कां लावला नाहीं असें विचारतां त्यानें जें उत्तर दिलें तें आम्हांस कोणत्याहि पुस्तकांत मिळालें नसतें. “त्या पांढऱ्या लाइटीत भजे शिळे दिसते जी. याच्यात कसे, आत्ताच काढल्यावानी दिसते.” प्रकाशाच्या रंगाचें शास्त्र त्यानें धंद्याच्या हिशेबानें अचूक ओळखलें होतें.

आठ सेकंद पडदा उघडा ठेवला. ह्या मंद फिल्मला रात्रीं इतका वेळ द्यावाच लागतो. प्रकाश निम्मा असेल तर वेळ दुप्पट द्यावा, हें व्यस्त त्रैराशिक फोटोग्राफींत सर्वत्र चालतें. पण फार मंद प्रकाशांत तें लंगडें पडतें आणि हिशेबाहून अधिक वेळ द्यावा लागतो. १९०० सालाच्या सुमारास कार्ल श्वार्झशिल्ड ह्या जर्मन ज्योतिर्विदानें ताऱ्यांचीं छायाचित्रें काढीत असतांना ह्या लंगडेपणाचें सूत्र बसविलें. टंगस्टनची फिल्म अशा लांब वेळांसाठींच घडविलेली असल्यामुळें तिचा पाय त्या मानानें कमी लंगडतो.

ह्या आठ सेकंदांचा आणखी एक परिणाम होतो. जो चालत राहतो तो चित्रांतून नाहींसा होतो. जो थांबतो तोच उरतो. त्या चित्रांत शेंकडों कावडकऱ्यांपैकीं एकहि ओळखूं येत नाहीं. मशालींच्या जागीं तांबडे दोर ओढल्यासारखे दिसतात, आणि त्यांच्याखालीं धुक्यासारखा एक ओघ. पण रस्त्याच्या कडेला, गोळ्याच्या उजेडांत, दोन दमलेलीं पोरें मध्यें आपलें भरणें ठेवून बसलेलीं होतीं. तीं मात्र पायांच्या तळव्यांवरील चिखलासकट स्पष्ट आलीं आहेत. त्यांचा सदरा पांढरा आहे. पिवळा नव्हे, निळा नव्हे, पांढरा.

अकोल्यांतील बाकीचीं दृश्यें पहाटेचीं. मोर्णेच्या कांठचा असदगड, जुन्या शहरांतील एक बोळ, आणि राजेश्वराकडे वळणारी एक मोठी कावड. किल्ल्याच्या तटाजवळील एक सोडियमचा दिवा अजून शिल्लक होता. त्याच्या प्रकाशांत सारे रंग नसतातच; पिवळ्या-नारिंगी पट्ट्यांत तो दाटलेला असतो. म्हणून त्या चित्रांत हिरवी झाडें व तांबड्या विटा एकाच गुळमट रंगाच्या दिसतात. कोणतीहि फिल्म वा कांच ह्यावर इलाज करूं शकत नाहीं. जो रंग दिव्यानें दिलाच नाहीं तो फिल्म आणणार कोठून?

आश्विनांत अमरावतीस जातांना आम्ही मूर्तिजापुरास उतरलों. ह्या स्टेशनाशीं आमच्या घराचें एक नातें आहे. येथून ‘शकुंतला’ नांवाची अरुंद रुळांची गाडी एकीकडे यवतमाळास, ११३ किलोमीटर, आणि दुसरीकडे अचलपुरास, ७६ किलोमीटर, जात असे. विलायतेंत मँचेस्टर येथें १९२१ सालीं तयार झालेलें वाफेचें इंजिन ह्या मार्गावर १९२३ पासून चाललें तें थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत. मग डिझेलचें आलें. वाफेचें इंजिन जाणार हें कळतांच आमचे थोरले काका त्या वर्षींच्या थंडींत तीन रात्री मूर्तिजापुरास जाऊन राहिले, आणि टंगस्टनच्याच फिल्मवर त्यांनीं त्या इंजिनाच्या स्लाइडा काढल्या. काका आतां नाहींत, स्लाइडा आहेत. प्रत्येक चौकटीवर त्यांनीं पेन्सिलीनें बारीक अक्षरांत लिहून ठेविलें आहे: ‘रात्रीं ९-४०, शेडमध्यें दोन गोळे, फलाटावर एक ट्यूब, १२ सेकंद.’ चित्रांत शेडमधील वाफ दुधासारखी शुभ्र आहे, भट्टीचें तोंड जास्वंदीसारखें लाल आहे, आणि ट्यूबच्या बाजूचा फलाट हिरवट निळा. एका कोपऱ्यांत हातांत कंदील घेतलेला मनुष्य बारा सेकंद अगदीं स्तब्ध उभा आहे. काकांनीं त्यास सांगून उभें केलें असावें, किंवा तोहि इंजिनाकडे पाहत राहिला असावा.

गाडी बंद पडून आतां कांहीं वर्षें झालीं. रुळांत गवत माजलें आहे. रुंद रुळांवर ती पुन्हां सुरू व्हावी अशी भोंवतालच्या गांवांची मागणी आहे. आम्हीं काकांच्या स्लाइडेवरून अदमास घेऊन तिपाई शक्य तितकी त्याच जागीं लावली. पुतण्या म्हणाला, “काका, येथें तुमच्या फिल्मचा एकहि दिवा नाहीं. सगळे एल.ई.डी. आहेत. तीन चित्रें फुकट कां घालवितां?” त्याचें म्हणणें खरें होतें. तरीहि आम्हीं तीन चित्रें तेथें खर्चिलीं. तीस वर्षांपूर्वींच्या रात्रीं ह्या जागेचा रंग कोणता होता हें एका फिल्मनें लिहून ठेविलें होतें; आजचा रंग कोणता आहे हें त्याच जातीच्या फिल्मनें लिहावें, असें आम्हांस वाटलें. असा साक्षीदार पुन्हां मिळावयाचा नव्हता.

उरलेलीं सात दृश्यें अमरावतीचीं. नवरात्रांत अंबादेवी व एकवीरा ह्यांच्या दर्शनास साऱ्या वऱ्हाडांतून माणसें लोटतात. रुक्मिणीस श्रीकृष्णानें ह्याच अंबेच्या देवळांतून नेलें, अशी येथली श्रद्धा आहे. राजकमल चौकापासून देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुतर्फा दुकानें लागतात: बांगड्या, खेळणीं, प्रसाद, ओटीचें सामान. जवळच शहराचा जुना परकोट व अंबागेट. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून येथील श्रीमंत सावकार-व्यापाऱ्यांचें रक्षण व्हावें म्हणून निजामाच्या अमदानींत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, हा तट बांधावयास घेतला. घेर सुमारें सव्वादोन मैल, उंची वीस ते सव्वीस फूट.

अंबागेटचें चित्र आम्हीं सूर्यास्तानंतर सुमारें वीस मिनिटांनीं घेतलें. रात्रीच्या चित्रासाठीं उत्तम वेळ ती हीच. काळोख पुरता झाला कीं आकाश शाईसारखें सपाट होतें. पण दिवेलागणीनंतरच्या थोड्या अवकाशांत आकाशांत अजून जीव असतो. टंगस्टनच्या फिल्मवर तें आकाश मोरपिशी निळें उमटतें, आणि कमानीखालील फुलवाल्याच्या हॅलोजनचा उजेड त्याच्यापुढें स्वच्छ पांढरा. उन्हाच्या फिल्मवर हेंच चित्र पिवळें व मळकट आलें असतें.

यात्रेच्या रस्त्यावर मात्र दिव्यांचें संमेलन भरलें होतें. एका दुकानावर नवे दिवे, दुसऱ्यावर ट्यूब, तिसऱ्यावर हॅलोजन, आणि एका पणत्यावालीकडे खरोखरीच्या तेवत्या पणत्या. डोळ्यास सर्वच दुकानें सारखीं झगझगीत दिसत होतीं. फिल्मवर मात्र तीं चार निराळ्या प्रदेशांतील वाटतात: एक निळें, एक हिरवट, एक पांढरें, एक शेंदरी. पुतण्यानें हेंच दृश्य मोबाइलवर टिपलें. मोबाइल आपल्या मेंदूसारखाच शहाणा. त्यानें दिवे ओळखून पिवळेपणा, निळेपणा आपणहून वजा केला आणि क्षणांत देखणें चित्र हातीं दिलें. घरीं पाठवावयास तेंच सोयीचें. पण उद्यां कोणी त्यावरून विचारील कीं त्या रात्रीं तेथें कोणते दिवे होते, तर तें चित्र कांहींहि सांगूं शकणार नाहीं.

गाभाऱ्यांत कॅमेरा न्यावयाचा नसतो, आणि तें योग्यच आहे. आमचें शेवटचें दृश्य देवळाबाहेरचें आहे. भिंतीशीं गोणपाटावर बसून एक वृद्ध बाई खण, नारळ, हळदकुंकू विकीत होती. तिच्या डोक्यावर एकच गोळा, वायरीला लोंबणारा. आम्हीं परवानगी मागतांच ती म्हणाली, “माह्या काहाले काढता बाप्पा, अंबाबाईचा काढा.”

“आजी, अकरा सेकंद हलूं नका, एवढेंच मागणें आहे.”

“अकराच? मी तं सकायपासून अशीच बसून हावो.”

पडदा उघडला. तिच्यापुढून माणसांचा लोंढा चाललाच होता. कोणी थांबलें नाहीं. तीन वेळां पडदा उघडला आणि मिटला, आणि फिल्म संपली. आम्हीं नारळ घेतला, पैसे दिले. तिनें सुटे परत केले.

वऱ्हाडांत ही फिल्म धुण्याची सोय नाहीं. ती दूर पाठवावी लागली आणि परत येईपर्यंत दिवाळी उलटून गेली. छत्तीसांपैकीं एकवीस चित्रें पाहण्याजोगीं निघालीं. वयोमानानें फिल्मच्या सांवल्यांत जांभळी झांक उतरली आहे. थंडींत ठेवल्यानें म्हातारपण लांबतें, टळत नाहीं. एका रविवारीं रात्रीं माजघरांत चादर टांगून आम्हीं जुना प्रोजेक्टर लावला. त्याचा दिवाहि टंगस्टनचाच, हा एक योग. प्रथम काकांच्या स्लाइडा लावल्या, मग आमच्या. मूर्तिजापूरचीं दोन चित्रें लागोपाठ आलीं: एकांत पांढरी वाफ व लाल भट्टी, दुसऱ्यांत सर्वत्र निळाईच निळाई, गवत निळें, रूळ निळे, रिकामा फलाट निळा. काकूंना कांहीं ठाऊक नव्हतें. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “दुसरें चांदण्यांतलें आहे वाटतें?” आम्हीं नाहीं म्हटलें नाहीं. त्या फिल्मच्या दृष्टीनें तें चांदणेंच होतें.

टपरीजवळचीं दोन पोरें आणि ओटीवाली आजी हीं चित्रें मात्र पाहतांच ओळखीचीं वाटलीं, कारण त्यांतील उजेड घरचा होता. आमच्या पिढीनें ज्या उजेडांत पाढे म्हटले, ज्या उजेडांत आयांनीं रात्रींचे दाणे निवडले, तो हा. असा प्रत्येक पिढीच्या रात्रीचा एक रंग असतो. तो तिच्या लेखनांत फारसा येत नाहीं, आठवणींतहि नीट राहत नाहीं, कारण पाहणाऱ्यानें तो कधीं पाहिलेलाच नसतो.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं माळ्यावर स्लाइडांचे डबे पडून असतील. ते एकदां खालीं काढावे. ओल व बुरशी हे त्यांचे मुख्य शत्रु. म्हणून पावसाळ्यापूर्वीं त्या कोरड्या कराव्या आणि ओल शोषणाऱ्या खड्यांच्या पुड्या घालून अंधाऱ्या, थंड जागीं ठेवाव्या. कोडाक्रोम अंधारांत फार वर्षें टिकते, पण प्रोजेक्टरच्या प्रखर दिव्यापुढें लवकर फिकटते, तेव्हां ती वारंवार लावूं नये. तिची प्रत करवून ती पाहावी. आणि चौकटीवर माणसांचीं नांवें, गांव व साल लिहितांना आमच्या काकांप्रमाणें दिवा कोणता होता हेंहि लिहावें: गोळा, ट्यूब, गॅसबत्ती कीं समई. हें सांगूं शकणारें वडील मनुष्य घरांत आहे तोंवरच तें लिहून घेतां येईल.